पुलापर्यंतची गाडी

“वळवू नको रे भाऊ,” बेबा म्हणाली.

गिरणेचा पूल ओलांडला की पुढे दुभाजकात एक फट आहे. हितेंद्र दर वेळी तिथूनच गाडी वळवून आम्हाला परत जळगावात आणत असे. आजची आमची आठवी वेळ. त्याने उजवा इंडिकेटर दिला होता, आरशात पाहून घेतलं होतं, आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून माझ्या बायकोने, रिक्षावाल्याला पुढच्या गल्लीशी सोड म्हणावं इतक्या साध्या आवाजात हे सांगितलं. इंडिकेटर टिकटिक करत राहिला. विजेच्या गाडीत दुसरा काही आवाज नसतो, त्यामुळे ती टिकटिक दवाखान्यातल्या घड्याळासारखी मोठी झाली. हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहिलं. समोर केळीचा ट्रक होता, त्याच्या मागे काहीतरी लिहिलं होतं, ते मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला समजलं नाही. फट आली, फट गेली. हितेंद्रने इंडिकेटर बंद केला. त्यानंतर गाडीत जी शांतता झाली ती कंपनीने जाहिरातीत सांगितली होती त्याहून बरीच जास्त होती.

आठ वेळा एकाच माणसाने गाडी चालवून बघावी, आणि तीही स्वतः न चालवता शेजारी बसून, याचा खुलासा करायला हवा. मला मोतीबिंदू आहे आणि गाडी येत नाही; ती पुढे मुलीचा नवरा किंवा भाड्याचा ड्रायव्हर चालवणार, असं मी दुकानात सांगितलं होतं. जळगावात विजेच्या गाड्यांची तीन दुकानं मी पालथी घातली. दोघांनी तिसऱ्या खेपेला ओळख विसरल्यासारखं केलं. हितेंद्र तेवढा टिकला. तो पस्तिशीचा, दोन पोरींचा बाप, असोद्याहून रोज मोटरसायकलने येणारा. पेट्रोलच्या मोटरसायकलने येऊन दिवसभर विजेची गाडी किती चांगली ते सांगतो, आणि त्याबद्दल त्याला हसू येत नाही, हे मला आवडलं. “नाना, पुलापर्यंत जाऊन येऊ,” असं तो म्हणे. पहिल्या वेळी बेबा नुसती आली. दुसऱ्या वेळी तिने पाण्याची बाटली घेतली. चौथ्या वेळी ती चांगली साडी नेसली, मोरपंखी, जी लग्नाकार्याशिवाय कपाटाबाहेर येत नाही. सहाव्या वेळी तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि त्यात सांजोऱ्या होत्या; दोन हितेंद्रला दिल्या आणि बाकीच्या घरी आणून आम्ही दोघांनी चार दिवस खाल्ल्या. आज सकाळी ती जिन्यावरून उतरली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवी फुगलेली होती. वरून टॉवेलचं टोक दिसत होतं. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्या कामात मी मुरलेला आहे.

तिच्या कानाचं दुखणं दोन वर्षांचं. आतल्या कानात तोल नावाची काही वस्तू असते म्हणे, ती बिघडली. डॉक्टरांनी कागदावर शंखासारखं चित्र काढून दाखवलं आणि त्यात पेनाने एक टिंब दिलं. त्या टिंबामुळे इंजिनाची घरघर बुडाखालून तिच्या अंगात शिरते आणि डोक्यात जाऊन गोल फिरायला लागते. भुसावळला एका लग्नाला आम्ही एसटीने गेलो होतो, अर्धा तास. परत आल्यावर ती तीन दिवस पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून पडून होती, आणि मी खोलीत पाऊल टाकलं की म्हणायची, हळू चाला, जमीन हलते. रिक्षा नको, जीप नको, कुणाच्या डिझेलच्या गाडीत तर नकोच. मग एक दिवस पुतण्याच्या मित्राची विजेची गाडी दारात आली, ती सहज म्हणून बसली, कोपऱ्यापर्यंत जाऊन आली आणि उतरल्यावर उंबऱ्याशी उभी राहून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. “काहीच फिरलं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की मला तिच्याजवळ थांबवेना, मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि पाणी न आणता परत आलो.

त्या दिवशी तिला गाडी नको होती. गाडीचं तिने कधी नावही काढलं नाही. तिला धुळ्याला जायचं होतं. धुळ्यात देवपुरात तिचा भाऊ झुलाल राहतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात. माहेरून कुणीतरी न्यायला येतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर बाईने आपणहून जायचं नसतं. तेव्हा तो राहायचा त्या शिरपूरकडच्या खेड्यातून बेबाला न्यायला झुलाल दरसाल स्वतः यायचा, लग्न झाल्यापासून, तीन मुलांचा बाप झाल्यावरही. मग एका वर्षी आला नाही. पुढल्या वर्षीही आला नाही. आपण चौदा वर्षं हा विषय काढलेला नाही. ‘आपण’ म्हणजे मी. ती काय करत होती मला माहीत नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी ती घरातली सगळी भांडी काढून घासायची एवढं मात्र मला दिसायचं.

यंदा चैत्रात झुलालचा फोन आला. तिच्या मोबाईलवर, तिच्याशी. मी शेजारच्या खोलीत पेपर आडवा धरून बसलो होतो आणि त्या पेपरचं पान मला अजून आठवतं. तो मोठ्याने बोलतो, ऐकू येईनासं झालं की माणूस मोठ्याने बोलतो. “बेबा, औंदा आखाजीले ये. मुराळी धाडाले घरमा कोनीच नही. पोरगा सुरतले शे. मन्हा गुडघा काम करस नही. तूच ये.” ती म्हणाली, “येस.” म्हणजे येते. एवढंच. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि नंतर भांड्यांचा आवाज आला नाही.

आखाजी परवा आहे.

“नाना,” हितेंद्र म्हणाला, “पाळधीला फट आहे. तिथून वळवतो. सरांनी मला आज सकाळीच सुनावलंय. म्हणे, ते काका गिऱ्हाईक आहेत का पाहुणे?” तो हसला नाही. समोरच्या पडद्यावर एक आकडा होता, एकशे अठरा. म्हणजे गाडी अजून एवढे किलोमीटर जाईल. बघता बघता तो एकशे सतरा झाला. “धुळं किती आहे इथून?” बेबाने विचारलं. “ऐंशीच्या आसपास, मावशी.” “मग जाते ना.” “जाते,” हितेंद्र म्हणाला, “पण येत नाही.” “यायचं काय काम आहे लगेच?” ती म्हणाली. हितेंद्रने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. माणूस मदतीसाठी माझ्याकडे बघतो तेव्हा मला लगेच कळतं. आयुष्यभर माझ्याकडे माणसं तशीच बघत आली.

मी बाजार समितीत भाव लिहायचो. हुद्द्याला दुसरं लांब नाव होतं, पण काम एवढंच. रोज सकाळी काळ्या फळ्यावर खडूने कापूस, केळी, ज्वारी, हरभरा, उडीद, आणि पुढे आकडा. अक्षर माझं सुरेख. आकडा वरून यायचा, मी फक्त लिहायचो. पण ज्याच्या हाताने भाव लिहिला जातो त्याला भाव कळतो, असं लोकांना वाटतं. मलाही हळूहळू तसं वाटायला लागलं. गाड्या सोडून, टोप्या हातात घेऊन माणसं यायची. “नाना, विकू का थांबू?” मी खडू खाली ठेवायचो, बोटं झटकायचो, आभाळाकडे बघायचो. आभाळात भाव नसतो, पण बघितलं की बरं दिसतं. आणि म्हणायचो, “थांबा.” बत्तीस वर्षांत मी ‘विका’ असं कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. ‘थांबा’ हा फार सोयीचा शब्द आहे. भाव चढला तर नाना म्हणाले होते. भाव पडला तर तू अजून थोडं थांबायला हवं होतंस. त्या शब्दात माणूस कधी पकडला जात नाही. मी रिटायर झालो तेव्हा भाषणात कुणीतरी म्हणालं की नानांनी शेतकऱ्याला धीर दिला. मी हार सावरत मान हलवली.

झुलालने मात्र फळ्यापाशी येऊन विचारलं नव्हतं. तो आखाजीनंतर बहिणीला परत सोडायला आला होता तेव्हा जेवताना, वरणात भाकरी कुस्करत त्याने विचारलं, सालदार गडी पैसे कसे मागतात वगैरे बोलून झाल्यावर, की औंदा कापूस आल्यावर काय करू. मी भात संपवला आणि म्हणालो, आल्यावर थांब. त्या हंगामात त्याने घरात कापूस भरला. आमच्याकडे सगळेच भरतात. भाव येईपर्यंत कापूस माणसांसोबत राहतो. आधी ओटीची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत. पांढरा, आढ्याला टेकलेला. मी डिसेंबरात गेलो होतो तेव्हा त्या घरात आवाज होत नव्हता. कापूस आवाज खाऊन टाकतो. आपण बोललो तर शब्द तोंडातून बाहेर पडून तिथेच बसतात. त्या कापसात बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते, पोरं रात्रंदिवस खाजवत असतात, आणि धूळ. सासूबाईंना दमा होता. त्यांचा पलंग मधल्या खोलीत असायचा, तो उचलून बाहेर ओट्यावर ठेवला होता, वर ताडपत्री बांधून. डिसेंबरात, तापीच्या काठच्या थंडीत. दोन गोधड्यांखालून फक्त त्यांचं तोंड दिसत होतं आणि त्या माझ्यासमोर झुलालला विचारत होत्या, “हाऊ कापूस कव्हय जाई रे?” झुलाल म्हणाला, “नाना सांगतीन तव्हय.” मग म्हातारीने माझ्याकडे बघितलं. जावयाकडे बघतात तसं, आदराने, पदर सारखा करून. बेबा त्यांच्या पायथ्याशी बसली होती. तिनेही बघितलं. त्या वेळी भाव बरा होता. चांगला होता, खरं तर. मी आभाळाकडे बघितलं.

सासूबाई त्या संक्रांतीच्या आधी गेल्या. तेराव्याला मांडव घालायला घरात जागा नव्हती म्हणून शेजाऱ्याच्या अंगणात पंगत बसली. त्यानंतर भाव पडला. किती पडला ते फळ्यावर मीच लिहिलं, सुरेख अक्षरात. झुलालने कापूस विकला, जेवढ्याला गेला तेवढ्याला, आणि त्याबद्दल मला एक अक्षर बोलला नाही. कुणीच बोललं नाही. भांडण झालं असतं तर ते कधीतरी मिटलं असतं, कुणीतरी मध्ये पडलं असतं. आखाजीला मुराळी आला नाही एवढंच. त्यानंतर मी पुष्कळदा बेबाशी बोलायचं ठरवलं, म्हणजे एकदा हे बोलून टाकू असं, पण योग्य वेळ यायची बाकी होती.

आता गाडीचं. पैसे माझ्याकडे आहेत. हे सांगताना नसते तर बरं झालं असतं असं वाटतं. रिटायरमेंटचे होते ते तसेच, आणि धरणगावकडची जमीन गेली तिचेही. गाडीच्या किमतीचा कागद फेब्रुवारीपासून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि तो आता घडीवर फाटलाय. पण बॅटरीचा भाव दर वर्षी उतरतो. हे मी व्हिडिओत बघितलं. एका माणसाने रेघ काढून दाखवली, रेघ डावीकडून वर सुरू होते आणि उजवीकडे खाली येते, अशी सुंदर रेघ मी बत्तीस वर्षांत फळ्यासमोर उभा राहून बघितली नव्हती. पुण्याहून मुलगी म्हणाली, बाबा, दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतंय, थांबा. पुतण्या म्हणाला, काका, सबसिडीचं काहीतरी होणार आहे, थांबा. चहाच्या टपरीवर झिपरू भेटतो, समितीत हमाल होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो म्हणाला, “नाना, त्या गाडीला रेंज किती?” मी म्हटलं, तीनशे. तो म्हणाला, “आमच्या गल्लीत तर एकच काडी येते, तीही गच्चीवर गेलं तर.” मी त्याला समजावायला गेलो की ही मोबाईलची रेंज वेगळी, तर तो म्हणाला, “म्हणजे लोकांना अजून माहीतच नाही ना काय ते. मग थोडं थांबा.” सगळे मलाच थांबा म्हणत होते, आणि ज्या आवाजात म्हणत होते तो आवाज माझा होता. मी मान हलवायचो. घरी येऊन बेबाला म्हणायचो, बुधवारी पुन्हा एकदा बघून येऊ, पुलापर्यंत. ती म्हणायची, बरं. आणि मी आत जाऊन हिशेब करायचो: दिवाळीपर्यंत सहा महिने. झुलाल एकोणऐंशीचा. बेबा अडुसष्टची, पण ते टिंब वाढलं तर डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. गाडीची रेघ खाली चालली आहे आणि या दोघांचीही चालली आहे, फक्त कुठली आधी कुठे पोचते ते बघायचं. आणि हा हिशेब मी पंखा लावून, शांतपणे, चष्मा पुसून करत असे. मला माझी भीती वाटायला लागली होती. पण हिशेब काही चुकत नव्हता.

पाळधी आली. बाहेर चव्वेचाळीस असावं. रस्त्यावरून वाफ निघत होती आणि टपऱ्या त्या वाफेत पाण्यात बुडवल्यासारख्या हलत होत्या. हितेंद्रने वेग कमी केला पण वळवलं नाही. “नाना, मी एक बोलू का? राग मानू नका.” “बोल.” “तुम्ही आत्ता बुकिंग करा. मोबाईलवरून होतं. थोडेच भरायचे, बाकीचं नंतर. मी सरांना इथूनच फोन लावतो, सांगतो गिऱ्हाईकाने गाडी घेतली, लांबवर चालवून बघताहेत. सर नाही म्हणणार नाहीत. मग मी तुम्हाला थेट धुळ्याला सोडतो, तिथे गाडी चार्जिंगला लावतो आणि संध्याकाळी एकटा येतो परत. आणि तुमची स्वतःची येईल पंधरा दिवसांत, तीच घेऊन मावशींना आणायला जा.” त्याने हे एका दमात सांगितलं. ओठ पुसले. “माझंही काम होईल, खोटं बोलत नाही.”

इतकी सरळ गोष्ट माझ्यापुढे कुणी कधी ठेवली नव्हती. एका बाजूला सगळं होतं आणि दुसऱ्या बाजूला दिवाळी होती. मी मागे वळून पाहिलं. बेबा पिशवी छातीशी धरून बसली होती, ओट्यावर बसली होती तशीच, आणि तिच्या तोंडावर काही मागणं नव्हतं. मागणं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं. ती नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात मला स्पष्ट दिसलं की तिला माहीत आहे. सगळंच माहीत आहे. सहाव्या वेळच्या सांजोऱ्यांपासून नव्हे, त्या डिसेंबरापासून. माझ्या छातीत काहीतरी भरत चाललं होतं, कोरडं, मऊ, आढ्यापर्यंत. मला ‘हो’ म्हणायचं होतं. हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. हितेंद्रने फोन हातात घेतला, सरांचं नाव शोधलं, अंगठा त्यावर धरला आणि म्हणाला, “लावू?”

“थांबा,” मी म्हणालो.

मला म्हणायचं होतं, फोन जरा थांबव, मी श्वास घेतो. पण हितेंद्र चांगला ड्रायव्हर आहे. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली, बसथांब्याच्या पत्र्याशी, इतकी अलगद की थांबली ते कळलंच नाही. कळलं ते मागचं दार उघडल्यावर. ऊन आत आलं आणि बेबा बाहेर गेली.

मी उतरेपर्यंत ती थांब्याच्या सावलीत पोचली होती. तिथे एक बाई, दोन पोरं आणि एक बकरी होती. मी जवळ गेलो. “बेबा, अगं मी नाही म्हणालो नाही.” “नाही,” ती म्हणाली, “तुम्ही कधीच नाही म्हणत नाही.” “दोन मिनिटं विचार करू दे.” “करा की. कोणी अडवलंय?” तिने पदर डोक्यावर घेतला. “तुम्ही बसा गाडीत, ऊन लागतंय. मी जाते पुढे. भाव उतरला की या.”

मागून एसटी येत होती. लाल, धुरकट, जळगाव-धुळे. बेबाने हात केला. मी म्हणालो, तुला चक्कर येईल, तुला उलट्या होतील, तीन दिवस उठता येणार नाही. हे सगळं खरं होतं आणि मी ते सगळं व्यवस्थित, क्रमाने सांगितलं. ती म्हणाली, “तीन दिवस भावाकडे पडून राहीन.” बस थांबली, इंजिनाची घरघर पायाखालच्या डांबरात उतरली, आणि मी पाहिलं की तिने एक क्षण पत्र्याच्या खांबाला हात लावला. मग तो सोडला आणि चढली. हितेंद्र पळत आला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती आणि गाडीच्या माहितीपत्रकाची कागदी पिशवी, गुळगुळीत, तिच्यावर निळ्या गाडीचं चित्र. “मावशी, ओकारी आली तर,” तो म्हणाला आणि खिडकीतून आत दिली. कंडक्टर बाईने विचारलं, “कुठे?” “धुळं.” “अर्धं तिकीट.” बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं. ज्या भावाची मी फेब्रुवारीपासून वाट बघत होतो तो तिला उभ्या उभ्या मिळाला.

“बाबा, येता का?” कंडक्टरने मला विचारलं. आत एक जागा होती, बेबाच्या मागची. मी पायरीवर पाय ठेवला असता. ठेवणारच होतो. पण मागे, वाफेत, दूर मला आणखी एक लाल काहीतरी दिसलं आणि मनात आलं की ती मागची कदाचित रिकामी असेल, आणि तोवर हितेंद्रशी नीट बोलून घेता येईल, निदान त्याला वाईट वाटायला नको. दोनदा घंटी वाजली. बस गेली. बेबाने खिडकीतून बघितलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते आणि पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मागून आला तो गॅसचा टँकर होता.

हितेंद्र माझ्या शेजारी उभा राहिला. मला तो बोलायला हवा होता. मी खिशातून फोन काढला आणि चौदा वर्षांत न लावलेला नंबर लावला. तो मला पाठ होता. दोन वेळा वाजून उचलला.

“कोन?”

“झुलालभाऊ, मी भाईदास.”

मला वाटलं, फोन कापला. मग त्याचा श्वास ऐकू आला.

“बेबा बसमा बसनी शे,” मी म्हणालो. किती वर्षांनी अहिराणी बोललो, शब्द तोंडात परक्यासारखे उभे राहिले. “आत्तेच. पाळधीहून. एकटीच शे. तिले बसमा चक्कर येस, कोनी तरी स्टँडवर जावाले पाहिजे.”

“मी निंघस,” झुलाल म्हणाला.

“आते? दोन तास शेतस अजून. तुन्हा गुडघा... आते जाईसन काय करशी?”

“शेतस ते शेतस. मी जाईसन बसस.”

मी पुढचं वाक्य जुळवत होतो. त्याच्या आईबद्दलचं होतं. पण तोवर त्याने फोन खिशात टाकला होता. बंद करायचा राहिला होता, बटणाचा फोन, सदऱ्याच्या खिशात. मला कपड्याची सळसळ ऐकू यायला लागली. काठी शोधल्याचा आवाज. चपला. दाराची कडी. मग जिना. तो एकेक पायरी उतरत होता, आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघत होता, माणूस एकटा असताना निघतो तसा. मी मोजल्या, सतरा पायऱ्या. पाळधीच्या उन्हात मी फोन कानाशी घट्ट दाबून उभा होतो आणि मला हलता येत नव्हतं. “नाना, चला,” हितेंद्र म्हणत होता, “ऊन बाधेल.” मी त्याला हाताने गप्प केलं. पलीकडे रस्ता लागला. गाड्या, कुणाचं तरी लाऊडस्पीकरवरचं गाणं, आणि झुलालचा मोठा आवाज, “ओ रिक्षा! बस स्टँड.”

“बाबा, शंभर होतीन,” रिक्षावाला म्हणाला.

देवपुरातून स्टँडपर्यंत शंभर कुणी देत नाही. चाळीस देतात, फार तर पन्नास. उन्हात म्हातारा माणूस बघून सांगितलेला तो भाव होता. आता झुलाल म्हणेल चाळीस, तो म्हणेल ऐंशी, झुलाल काठी टेकत चार पावलं पुढे जाईल, तो हाक मारेल. तोवर बस एरंडोल गाठेल. मी वाट बघत होतो.

“चाल,” झुलाल म्हणाला.